चुंबळ आणि हेल्मेट

धरमपेठेत कोणत्याही कामाने गेलो तरी माझी एक सवय सुटत नाही. मी घरांची दारे पाहत नाही, सज्जे आणि गच्च्यांचे कठडे पाहतो. कोणता मजला किती उंच असेल, परांची कुठे बांधली असेल, वीट खालून वर कशी गेली असेल याचा हिशेब मनात सुरू होतो. या सवयीचे मूळ माझ्या घरात आहे. माझी आई सत्तरच्या दशकात याच भागात रेजा म्हणून राबली. पांढराबोडीच्या वस्तीतून ती सकाळी निघे, दिवसभर विटा, रेती आणि गिलाव्याची घमेली वाही आणि दिवेलागणीला परत येई. बाबा सेंट्रिंगच्या कामावर होते. ज्या बंगल्यांच्या फाटकाशी आम्हा मुलांना उभे राहू दिले जात नसे, त्यांच्या भिंतींत माझ्या आईच्या डोक्यावरून गेलेल्या विटा आहेत.

आईची एक वस्तू माझ्याजवळ अजून आहे. ती आहे तिची चुंबळ. जुन्या लुगड्याची चिंधी पिळून, गोल गुंडाळून केलेली. लहानपणी मी तिला विचारले होते, ही कशाला? ती म्हणाली, "टोपलं डोक्याले टोचते ना बाबू, म्हणून." त्या वेळी उत्तर पुरेसे वाटले. पुढे वाचन वाढले, प्रश्न पडू लागले, तेव्हा कळले की तिच्या साऱ्या कामकरी आयुष्यात तिच्या डोक्यासाठी जेवढी म्हणून तरतूद झाली, ती ही चुंबळ. तीही तिने आपल्याच लुगड्याची केली होती. ठेकेदाराने तिला घमेले दिले, कारण घमेल्याशिवाय वीट वर जात नाही. डोके तिचे तिने आणायचे होते.

१९७६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बाबा एका दुमजली घराच्या सेंट्रिंगवरून खाली पडले. बल्ली ज्या दोरीने बांधली होती ती पावसात कुजली होती. ती बदलावी असे मिस्त्रीने दोनदा सांगितले होते, असे आई सांगे. बाबा जगले, पण कंबरेखाली पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. ठेकेदाराने त्यांना सायकलरिक्षात घालून दवाखान्यात पोचवले, आईच्या हातावर तीनशे रुपये ठेवले आणि नंतर तो फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सेंट्रिंगवर दुसरा माणूस उभा होता. हे आईने स्वतः पाहिले, कारण आठवडाभराची मजुरी बुडू नये म्हणून तीही त्या दिवशी त्याच कामावर गेली होती. वर्षभरात माझ्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली. तिने आपली वेगळी चुंबळ केली. मी शिष्यवृत्तीवर शिकलो आणि शिक्षक झालो. ठेकेदाराने दोरीचे जे दोन-चार रुपये वाचवले, त्यांची फेड माझ्या बहिणीने आयुष्यभर केली.

मी हे कोणाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी लिहीत नाही. आमच्या वस्तीत अशी घरे अनेक होती आणि आमचे त्यांतले बरे होते. मला एका प्रश्नाचा इतिहास तपासायचा आहे. बांधकामावरच्या मजुराच्या सुरक्षेसाठी पैसा खर्च करणे फायद्याचे असते, असे आज व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके सांगतात. ते खरे आहे. मग शंभर वर्षांत हा फायदा ठेकेदाराला दिसला का नाही? याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. मजूर पडला की त्या पडण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर लिहिला जातो, हे पाहिले पाहिजे.

कायद्याच्या भिंतीबाहेर

नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. चारच वर्षांनी, १८८१ साली, हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. मुलांच्या कामाचे तास आणि धोकादायक यंत्रांना कुंपण, एवढीच त्याची झेप. तरी यंत्राला कुंपण घालणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. परंतु मिलच्या आत साच्यावर उभा असलेला कामगार या कायद्यात आला आणि त्याच मिलची भिंत, चिमणी, चाळ बांधणारा बाहेर राहिला. बांधकामाची जागा हा कारखाना नव्हे, असा कायद्याचा अर्थ होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला, त्यात सुरक्षेवर स्वतंत्र प्रकरण आले, तरीही परांची त्या व्याख्येत बसली नाही.

मधल्या काळात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. एक मजल्याहून उंच इमारतीच्या बांधकामावरचा मजूर या कायद्याच्या यादीत होता. म्हणजे बांधकाम मजूर कायद्याला प्रथम दिसला तो मेल्यावर किंवा जायबंदी झाल्यावर. आणि दिसला तोही कसा? प्रौढ मजूर मेला तर तीस महिन्यांची मजुरी किंवा २,५०० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. अल्पवयीन मजूर मेला तर २०० रुपये. कायद्याने जीव मजुरीच्या मापाने मोजला. ज्याची मजुरी कमी, त्याचा जीव स्वस्त. जातीने ज्याला सर्वांत खालच्या मजुरीवर आणून ठेवले, त्याच्या मरणाचा दरही आपोआप सर्वांत खालचा ठरला. पुढे रकमा वाढल्या, सूत्रे बदलली, परंतु मजुरीला गुणून भरपाई काढण्याची रीत टिकून राहिली. रेजाची मजुरी मिस्त्रीहून कमी, म्हणून एकाच परांचीवरून दोघे पडले तर तिच्या मुलांना कमी मिळणार.

यातही एक पळवाट होती. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या नैमित्तिक कामावर लावलेला माणूस या कायद्याच्या दृष्टीने कामगारच नव्हता. एखाद्या वकिलाने किंवा प्राध्यापकाने आपल्या घराची भिंत दुरुस्त करायला ठिय्यावरून दोन माणसे आणली, तर ती या पळवाटेत सापडत. ही अट २००० सालच्या दुरुस्तीने निघाली. म्हणजे आमच्या दोन पिढ्यांनंतर.

हिशेब कधी बदलतो

आता प्रश्न असा की हा हिशेब जगात कुठे बदलला का, आणि बदलला तर कशाने? मालकाच्या मनात दया उपजली म्हणून तो बदलल्याचे उदाहरण मला सापडलेले नाही.

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, अपघात विम्याचा कायदा झाला. बिस्मार्कला कामगारांचा कळवळा होता असे कोणी म्हणणार नाही. समाजवादी चळवळीची धार बोथट करणे हा त्याचा हेतू होता. परंतु त्या कायद्याने एक गोष्ट केली. अपघाताचा खर्च मालकांच्या व्यवसायवार संघांवर टाकला. एका मालकाच्या हयगयीचे पैसे सर्वांना मिळून भरावे लागू लागले. आणि मग या संघांनीच अपघात टाळण्याचे नियम केले, निरीक्षक नेमले. मजुराचे पडणे मालकाच्या वहीत खर्चाच्या बाजूला आले, तेव्हा दोरी बदलणे स्वस्त ठरले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९३० च्या दशकात कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधले जात होते. कड्यावर दोरांनी लोंबकळत खडक फोडणाऱ्या मजुरांच्या डोक्यावर वरून दगड येत. त्यांनी स्वतःच युक्ती केली. कापडी टोप्या डांबरात बुडवून वाळवल्या की त्या कडक होत. त्या टोप्यांनी डोकी वाचतात हे दिसल्यावर ठेकेदार कंपनीने कारखान्यात बनवलेल्या कडक टोप्या मागवल्या. हे वाचताना मला आईची चुंबळ आठवली. तिथल्या मजुराने आपल्या हाताने केलेली वस्तू मालकाने पाहिली, तिचा अर्थ ओळखला आणि खर्च आपल्याकडे घेतला. आमच्याकडे चुंबळ पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर आहे आणि ती काय सांगते आहे हे कोणी विचारले नाही. अर्थात तिथेही सारे आलबेल नव्हते. त्या धरणावर सरकारी नोंदीप्रमाणे ९६ माणसे मेली.

त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल झाला, १९३३ ते १९३७ या काळात. त्या काळी अमेरिकेतल्या बांधकाम धंद्यात एक क्रूर ठोकताळा होता : दर दहा लाख डॉलरच्या कामामागे एक मृत्यू. पुलाचा खर्च साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे पस्तीस माणसे आधीच हिशेबात धरलेली. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने कडक टोप्या सक्तीच्या केल्या आणि पुलाखाली जाळे बांधले. जाळ्याला सुमारे एक लाख तीस हजार डॉलर लागले. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम शंभरात अर्धा डॉलरही नव्हती. त्या जाळ्याने १९ माणसे झेलली. काम संपेपर्यंत ११ जण मेले, आणि त्यांतले १० एकाच दिवशी, १७ फेब्रुवारी १९३७ रोजी, परांचीच कोसळून जाळे फाडून खाली गेल्यामुळे. या एका पुलाच्या हकिगतीत दोन्ही धडे आहेत. साधनांवर खर्च केला तर माणसे वाचतात. आणि परांचीच कच्ची असेल तर जाळेही पुरत नाही.

बाबासाहेब आणि उपकराचे तत्त्व

परंतु यासाठी आपल्याला परदेशाकडे पाहण्याची गरज नव्हती. हे तत्त्व आपल्याकडे १९४४ साली कायद्यात आले होते आणि ते आणणारा माणूस आपला होता.

१८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत नागपुरात अखिल भारतीय दलित परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. नागपूरची परिषद आपण दरवर्षी आठवतो. तिच्यामागोमाग आलेली चार वर्षे मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतात. या काळात बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसला आणि त्या पैशातून खाणकामगारांचे दवाखाने, पाणी, घरे यांची सोय व्हावी असे ठरले.

या तरतुदीतला विचार नीट समजून घेतला पाहिजे. कोळशाच्या किमतीत तो काढणाऱ्या माणसाच्या जगण्याचा खर्च धरलेला असला पाहिजे. तो खर्च मालकाच्या मर्जीवर किंवा धर्मादायावर सोडता येणार नाही. वस्तू विकली जाते तेव्हाच तो कापून घेतला पाहिजे. दानाच्या जागी हक्क आणण्याचा हा मार्ग होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातेही त्या वेळी याच श्रम खात्याखाली होते. पण खाणीसाठी आलेले हे तत्त्व इमारतीपर्यंत पोचायला पन्नास वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ते आपोआप पोचले नाही. १९८५ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पुढाकाराने बांधकाम मजुरांसाठी केंद्रीय कायदा मागणारी राष्ट्रीय मोहीम समिती उभी राहिली. दहा वर्षांच्या लढ्यानंतर १९९५ मध्ये वटहुकूम आणि १९९६ मध्ये दोन कायदे आले. एक इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या नोकरीचा आणि सुरक्षेचा, दुसरा उपकराचा. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का रक्कम मजुरांच्या कल्याणासाठी द्यायची. हेल्मेट, पट्टा, परांची, जाळे, अपघाताची खबर, मोठ्या कामांवर सुरक्षा समिती, हे सारे या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी मालकाचे कर्तव्य ठरवले.

महाराष्ट्राने आपले नियम २००७ मध्ये केले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये उभे राहिले. म्हणजे कायदा झाल्यावर पंधरा वर्षांनी. दरम्यान ती मोहीम समिती सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १९ मार्च २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने देशभरचा हिशेब मांडला : मजुरांच्या नावाने ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटीच खर्ची पडले. तेव्हा पैसा नाही म्हणून मजूर मरतो, हे म्हणणे यापुढे कोणी करू नये. पैसा आहे, मजुराच्या नावावर आहे आणि मजुरापर्यंत पोचत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९९६ चे हे कायदे त्यांत विलीन झाले. दहापेक्षा कमी मजुरांचे काम पूर्वीही कायद्याबाहेर होते, ते बाहेरच राहिले. स्वतःच्या राहत्या घराचे काम दहा लाख रुपयांपर्यंत वगळलेले होते, ती मर्यादा आता पन्नास लाखांवर गेली. माझे बाबा ज्या घरावरून पडले तसले घर आजही या मर्यादेत बसले तर कायद्याबाहेरच राहील.

आजची धरमपेठ

आता पुन्हा धरमपेठेत येऊ. उत्तर अंबाझरी मार्गावर मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा मी कित्येकदा शंकरनगर चौकात थांबून काम पाहिले आहे. वर चढलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात पट्टा, पट्ट्याचा दोर पक्क्या जागी अडकवलेला. तो माणूसही आपल्यासारखाच, बहुधा झारखंड-बिहारकडून आलेला गरीब. मग त्याला हे कसे मिळाले? त्या कामात जर्मन आणि फ्रेंच वित्तसंस्थांचे कर्ज होते, करारात अटी होत्या, तपासणारा माणूस होता आणि अट मोडली तर काम अडण्याची भीती होती. तिथून दोनशे पावले आत वळले की जुना बंगला पाडून चार-पाच मजल्यांची सदनिका उभी राहताना दिसे. तिथे बांबूच्या परांचीवर माणूस रबरी चपलेने उभा असे आणि खाली रेजा चुंबळीवर घमेले घेऊन जिना चढत असे. शहर एक, रस्ता एक, उंचीही जवळपास तीच. फरक फक्त पडण्याचा खर्च कोणाच्या अंगावर येणार याचा होता.

खर्च किती, हेही एकदा मोजून पाहू. साधे प्रमाणित हेल्मेट तीनशे रुपये, बूट सातशे, दोन दोरांचा अंगभर पट्टा दोन हजार धरा. एका माणसामागे तीन हजार. वीस माणसांचे साठ हजार. इमारतीचा बांधकाम खर्च पाच कोटी धरला तर हे शंभर रुपयांत बारा पैसे होतात. जाळी, लोखंडी परांची, कठडे आणि देखरेख धरून खर्च दहापट झाला असे माना, तरी शंभरात सव्वा रुपयाच्या आत. धरमपेठेत सदनिका घेणारा माणूस फरशीचा रंग बदलायला याहून अधिक देतो. उलट बाजूला, तीन किलोची वीट तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण नऊ मीटरवरून सुटली तर खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे जातो. हेल्मेटच्या आतली पट्ट्यांची जाळी कवच आणि डोके यांत बोटभर अंतर ठेवते आणि तो मार पसरवते. त्या बोटभर अंतराची किंमत तीनशे रुपये आहे.

अलीकडे मंडळाकडून नोंदणीकृत मजुरांना सुरक्षा संच मिळू लागला. त्यात हेल्मेट आहे, पट्टा आहे, बूट आहेत. मी आमच्या वस्तीत हे संच पाहिले. एका घरी पट्टा खुंटीला टांगलेला होता. कामावर तो अडकवायला पक्की जागाच नाही, मग नेऊन काय करू, असे त्या भावाने विचारले. दोर बांधायला जागा नसलेला पट्टा म्हणजे नुसते ओझे. पुन्हा यात एक उलटापालट झाली आहे. साधने देणे हे मालकाचे कर्तव्य. कल्याण निधी हा मजुराच्या आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी. मालकाने द्यायचे हेल्मेट मजुराच्याच निधीतून दिले, तर खर्च पुन्हा मजुराच्याच खात्यावर पडला. वर वाटपाचा समारंभ होतो आणि मजुराने हात जोडून ते स्वीकारायचे असते.

आणि रेजाचे काय? आमच्या शेजारची एक बाई रामनगरकडे कामाला जाते. तिलाही हेल्मेट मिळाले. मी विचारले, मावशी, घालत का नाही? ती हसली. म्हणाली, "मास्तर, घमेलं कुठं ठेवू मंग?" तिच्या या प्रश्नापुढे माझे सारे वाचन थिटे पडले. चुंबळ आणि हेल्मेट एका डोक्यावर बसत नाहीत. जिचे डोके हेच ओझे वाहण्याचे साधन आहे, तिला हेल्मेट देऊन सुरक्षा मिळत नाही. तिच्यासाठी सुरक्षेची गुंतवणूक म्हणजे माल वर नेणारा पाळणा, चाकाची ढकलगाडी, कठडा असलेला उतार. म्हणजे कामाची रीतच बदलणे. हे धरमपेठेत होत नाही, कारण पाळण्याच्या भाड्यापेक्षा बाईचे डोके स्वस्त पडते. यंत्र तिचा रोजगार खाईल ही भीतीही खरी आहे. म्हणून पाळणा आला तर तो चालवण्याचे, गवंडीकामाचे शिक्षण तिला मिळाले पाहिजे. पन्नास वर्षांत माझ्या आईच्या ओळखीतली एकही रेजा मिस्त्री झालेली मी पाहिली नाही.

हेल्मेटने सारे भागते असेही कोणी समजू नये. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण गेले. त्यांत तिथेच संसार थाटलेले मजूर आणि त्यांची मुले होती. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण मेले. ते झोपेत होते. आणि आपल्या नागपुरातून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी, गर्डर उचलणारे अवजड यंत्र कोसळून २० जण ठार झाले. या तिन्ही ठिकाणी डोक्यावरची टोपी वाचवू शकली नसती. मजूर कुठे झोपतो, भिंत कोणी तपासली, यंत्राची जबाबदारी कोणाची, हाही सुरक्षेचाच खर्च आहे.

आपली बाजू

शेवटी आपल्याविषयी. बांधकामावर कोण आहे? आपली माणसे, आदिवासी, छत्तीसगड-बालाघाटकडून आलेले भूमिहीन, कोरडवाहू शेतीतून उखडलेले लहान शेतकरी. त्यांच्या पडण्याला अपघात म्हणणे समाजाला सोपे जाते, कारण ज्याचे शरीर वापरून टाकायचे हे आधीच ठरले आहे, त्याच्या शरीराच्या नुकसानीचा हिशेब ठेवायची रीत या व्यवस्थेला नाही. ज्या समाजाने एका माणसाचा स्पर्श विटाळ मानला आणि त्याच्या हातची भिंत मात्र पवित्र मानली, तो त्या हातांवर खर्च का करील?

परंतु आपल्या चळवळीनेही हा प्रश्न आपला म्हणून पुरेसा हाती घेतला नाही, हे मी दुःखाने म्हणतो. शिष्यवृत्ती, नोकऱ्या, नामांतर, स्मारके यांसाठी आपण लढलो आणि ते योग्यच होते. त्या लढ्यांमुळेच मी आज हे लिहितो आहे. पण शिकलेली पिढी वस्तीतून निघाली आणि ठिय्यावर उभा असलेला भाऊ तिच्या नजरेआड झाला. आपल्यातले काही जण आता धरमपेठेत सदनिका घेतात. घ्याव्यात. परंतु ताबा घेताना फरशीबरोबर हेही विचारावे, की या इमारतीवर किती माणसे होती, त्यांची नोंदणी होती का, उपकर भरला का, कोणी पडले का. दीक्षाभूमीच्या १२० फूट उंच स्तूपापुढे आपण लाखोंनी नमतो. ते दगड ज्यांनी वर चढवले त्यांची आठवणही त्या वंदनेत असावी.

कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना करता येण्यासारखी कामे लहान आहेत. ठिय्यावर जाऊन नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी मजुराबरोबर उभे राहणे. बांधकामाच्या फलकावर मालकाचे आणि ठेकेदाराचे नाव आहे का ते पाहणे. अपघात झाला तर त्याच दिवशी त्याची लेखी खबर नोंदवून घेणे, कारण नोंद नसलेले पडणे कोणाच्याच खात्यावर जात नाही. दहा मजुरांची आणि पन्नास लाखांची अट काढण्याची मागणी लावून धरणे. शिक्षकांनी भौतिकशास्त्रात पडणाऱ्या वस्तूचा धडा शिकवताना कधी तरी परांचीवरची वीट घ्यावी. वर्गातल्या कोणाच्या तरी घरी ती वीट ओळखीची असते.

बाबा १९९१ मध्ये गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवे. "दोर नवा असता तर," एवढेच ते म्हणत आणि थांबत. आईने त्या वाक्याला कधी उत्तर दिले नाही. तिची चुंबळ मी जपून ठेवली आहे. माझी नात ती पाहून विचारते, हे काय? मी तिला सांगतो, हे तुझ्या पणजीने स्वतः केले होते, कारण तिच्या डोक्याचा विचार दुसऱ्या कोणीच केला नव्हता.